वीस किलो जास्त

१

मापबाई वजनकाट्याखाली उताण्या पडून त्याच्या पोटातला गंज खरवडत होत्या, तेवढ्यात कोठीतून कुणीतरी किंचाळलं. किंचाळणारा होता बियाणेतज्ज्ञ. हा तरुण एरवी अंगणात शिरलेल्या शेळीला हाकलतानाही तिची माफी मागेल असा, म्हणून बाई घाईघाईनं बाहेर आल्या. बासष्टाव्या वर्षी काट्याखालून जेवढ्या घाईनं येता येतं तेवढ्या घाईनं.

"फसवलं आपल्याला!" तो दारातच उभा होता. उजवा हात कोपरापर्यंत राखेनं माखलेला. "अर्धं पिंप खोटं आहे!"

कोठी म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली लांबट खोली. भिंतीला लागून दहा पिंपं आणि प्रत्येकात चाळीस किलो चवळीचं बियाणं. ही चवळी साधी नव्हे. कमी पाण्यात येणारी, तीन आठवडे आधी तयार होणारी, दाण्याचा डोळा लाल असलेली. देशोदेशींच्या सरकारांनी मिळून गरीब शेतकऱ्यांसाठी एक निधी उभा केला होता. त्याच्या पैशावर हा प्रकल्प तीन वर्षं चालला होता. गावातल्या बत्तीस बायकांच्या गटानं आपापल्या शेतात हे बियाणं वाढवलं आणि इथे साठवलं. आज चार वाजता निधीचे साहेब साठा बघायला येणार होते. त्यांनी पुढचा टप्पा मंजूर केला, तर हीच चवळी आणखी सात गावांना जायची होती. मापबाई वजनमाप खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांना एका दिवसापुरतं बोलावलं होतं ते काटा तपासून साठ्याच्या दाखल्यावर सही करायला.

बियाणेतज्ज्ञानं मूठ उघडली. "वर लाल डोळ्याची. नमुना तळातून घ्यावा म्हणून हात खाली घातला, तर ही बघा."

मुठीतल्या चवळीचा डोळा काळा होता. म्हणजे गावात पूर्वापार पिकणारी, साधी, खायची चवळी. त्यानं दहाही पिंपांत हात घालून पाहिलं होतं आणि दहाहीत तोच प्रकार होता.

कोठीला कुलूप एक आणि किल्ल्या दोन. एक प्रकल्पाच्या व्यवस्थापकाच्या खणात, दुसरी कोठीवाल्या मावशीच्या कमरेला. मावशी कोपऱ्यात उभी होती. पन्नाशीची, काटक बाई. व्यवस्थापक धावत आला, त्यानं पिंपात पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मावशी, किल्ली द्या," तो म्हणाला. "मी पोलिसांना बोलावतो."

मावशीनं कमरेची गाठ सोडली आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली. मग तिचा हात सवयीनं पुन्हा कमरेकडे गेला आणि तिथे काही नाही हे कळल्यावर खाली आला. मापबाईंना एक जुनी गोष्ट आठवली. नोकरीत अगदी सुरुवातीला त्यांनी एका भाजीवालीचा तराजू जप्त केला होता. नंतर कळलं की तराजू बरोबर होता, मापबाईंच्याच पेटीतलं तपासणीचं वजन झिजलेलं होतं. तेव्हापासून त्या कुणालाही घाईनं चोर म्हणत नसत.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "दाखल्यावर सही मी करायची आहे. चार वाजेपर्यंत पोलीस नकोत."

"पण चोरी तर उघड आहे!"

"उघड काय आहे ते काटा सांगेल. ते पहिलं पिंप आणा इकडे."

पिंप काट्यावर चढलं. रिकाम्या पिंपाचं वजन वजा करून चाळीस किलो यायला हवं होतं. आलं बेचाळीस. दुसरं बेचाळीसच्या थोडं खाली, तिसरं थोडं वर. दहाही पिंपं मोजून झाली तेव्हा बेरीज चारशे वीस झाली होती. मापबाईंनी आपली प्रमाणित वजनं पेटीतून काढून काटा पुन्हा तपासला. काटा बिचारा खरं बोलत होता.

एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कमी वजनाचे हजार प्रकार पकडले होते. चोर माल नेऊन वर वीस किलो भर घालून गेला, हे त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

२

मावशीला व्यवस्थापकानं कार्यालयाच्या ओसरीवर बसवून ठेवलं होतं. तिच्या मांडीवर लहानसा झबल्याएवढा फ्रॉक होता आणि ती त्याला काठाशी टीप घालत होती. बोलवत नसलं की हात चालवणारी काही माणसं असतात, त्यातली ती. मापबाई शेजारी टेकल्या.

"सकाळपासून काही खाल्लंत?"

"भूक नाही बाई."

बाईंनी पिशवीतला पेरू काढून पुढे केला. मावशी नको नको म्हणाली, मग बाईंनी तो तिच्या मांडीवरच ठेवला.

"बरं, उसना घेते हं," मावशी म्हणाली.

"एका पेरूचं काय उसनं!"

"एक असला तरी उसना तो उसनाच."

तिनं तो अर्धा खाल्ला आणि अर्धा पदरात बांधला. बाईंनी मग सरळ विचारलं, "कोठी तुमच्याशिवाय कुणी उघडली का?"

"नाही. मीच उघडली. लिहून घ्या."

"म्हणजे चोरी तुम्ही केलीत?"

"चोरी नाही," मावशी फटकन म्हणाली. 

"मग काय केलंत?"

सुई वर गेली, खाली आली. 

"फ्रॉक नातीचा वाटतं?"

इथे मात्र मावशीचा चेहरा उजळला. "हो. आता दोन वर्षांची होईल. भारी चुळबुळी."

"लेक कुठे दिलीय?"

"आहे, जवळच."

"जवळच म्हणजे?"

सुई बोटात शिरली. मावशीनं बोट तोंडात धरलं आणि बाईंकडे अशा नजरेनं पाहिलं की पुढे विचारायचा बाईंना धीर झाला नाही.

"मला एवढंच सांगा," थोड्या वेळानं मावशीच म्हणाली. "मला धरून नेलं, तर त्या सात गावांचं काम थांबणार नाही ना? माणूस चोर निघाला म्हणून बियाणं वाईट ठरत नाही ना?"

तुरुंगाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचा हा प्रश्न नव्हे. मापबाई उठल्या, तेव्हा त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. ही बाई कुणाला तरी पाठीशी घालत होती.

३

व्यवस्थापकाच्या खोलीत टेबलापेक्षा कागद जास्त होते. भिंतीवर नकाशा, त्यावर दोन गोल. एक लाल, एक निळा, आणि दोन्हींच्या मधून जाडजूड नदी.

"मावशी बोलली का?"

"तुम्ही बोला आधी. रजिस्टर बघू."

दर महिन्याला दहाही पिंपं मोजून आकडा लिहायचा असा नियम होता. बाईंनी पानं उलटली. चाळीस, चाळीस, चाळीस. उन्हाळ्यात चाळीस, पावसाळ्यातही चाळीस.

"सुंदर अक्षर आहे," बाई म्हणाल्या. "फक्त एक सांगा. दाणा उन्हात सुकतो, दमट हवेत ओल धरतो. वर्षभर काट्यावर अगदी चाळीसच राहिलेलं धान्य मी अजून पाहिलं नाही. तुम्ही कोठीत शेवटचे कधी गेला होतात?"

व्यवस्थापक खुर्चीत खचला. आधी त्यानं चष्मा पुसला, मग कपाळ. "उद्घाटनाला," तो म्हणाला. "बाई, मी एकटा माणूस. पाच अहवाल, तीन भाषांत. पिंपं मोजायला वेळ कुठला? पण मी दाणाही चोरला नाही. आईशपथ!"

"तुम्ही चोर नाही हे मला मान्य आहे. चोर असतात तर पिंपात भर कशाला घातली असती? तुम्ही तर कागदावरच भागवता."

हे त्याला लागलं, पण दिलासाही मिळाला. तो मनातलं बोलायला लागला. "चोरी सापडली नसती तरी आमचं काही खरं नव्हतं. हा आलेख बघा."

वर्षातले किती महिने घरचं धान्य पुरत नाही, हे दर घरी विचारून हा आलेख काढला होता. लाल रेघ या गावाची. तीन वर्षांपूर्वी चार महिने उपाशीपोटीचे, आता एक.

"मग छानच की!"

"आणि ही निळी रेघ बघा. नदीपलीकडच्या गावाची. तिथे आम्ही काहीच द्यायचं नाही असा करार आहे. बियाणं नाही, सल्ला नाही, काही नाही. आपल्यामुळे फरक पडला की आपोआप पडला, हे कळायला एक गाव तसंच ठेवतात. तर त्यांचेही चार महिने होते आणि त्यांचाही आता एकच आहे." त्यानं हात पसरले. "म्हणजे आमच्यामुळे काहीच झालं नाही असं हा कागद म्हणतो. प्रकल्प बंद करायची शिफारस साहेबांच्या बॅगेत तयार आहे. आणि त्यात आता ही चोरी."

"पलीकडचं गावच का निवडलं?"

"निवडलं मोठ्या कार्यालयानं, नकाशा बघून. मध्ये नदी, पूल नाही, रस्ता नाही. दोन गावांचा एकमेकांशी संबंध नाही. करारात लिहिलंय, पलीकडे काही गेलं तर निधी त्याच दिवशी बंद. गटाच्या बैठकीत मी स्वतः वाचून दाखवलं होतं."

"बायका काय म्हणाल्या?"

"काही नाही. सगळ्या एकदम गप्प झाल्या. मला वाटलं, समजलं त्यांना."

मापबाई नकाशातल्या नदीकडे बघत राहिल्या. घड्याळात साडेबारा वाजले होते.

४

चोरीची चवळी विकायची तर गावात एकच जागा, कोपऱ्यावरचं भुसार दुकान. मापबाई पायरी चढल्या तशी दुकानदाराची करंगळी तराजूच्या पारड्यापासून आपोआप लांब गेली. दोघांची ओळख जुनी होती.

"बाई, तुम्ही रिटायर झालात ना?"

"मी झाले. माझे डोळे झाले नाहीत. लाल डोळ्याची चवळी कुणी विकायला आणली का?"

"दोन महिन्यांत दाणा नाही. ती लवकर येते, भाव चांगला, म्हणून बायका आधी तीच विकून मोकळ्या होतात. घरात खायला उरते ती काळ्या डोळ्याची." दुकानदारानं आवाज खाली आणला. "आता तुम्हाला म्हणून सांगतो. गेल्या साली मात्र पलीकडून आली होती. ते लोक नदी ओसरली की काठच्या गाळात पेरतात, आपल्या आधी. पूर्वी या दिवसांत ते माझ्याकडून धान्य न्यायला यायचे. गेल्या साली विकायला आले! मी तर चाटच पडलो."

बाईंनी दहा पुड्या काढून फळीवर उलगडल्या. प्रत्येक पिंपाच्या तळातली एकेक मूठ. "ही बघा. तुम्ही चार पैसे मारता, पण माल तुम्हाला कळतो."

या कौतुकानं दुकानदार फुलला. त्यानं दाणे बोटांत चोळले, हुंगले, एक दाताखाली फोडला. हळूहळू त्याचा चेहरा गंभीर झाला.

"ही एका घरची नाही," तो म्हणाला. "भुंगा लागू नये म्हणून जी ती बाई आपापल्या रीतीनं ठेवते. ही राखेत ठेवलेली. हिला एरंडेल चोळलंय. हिच्यात वाळू होती, चाळून काढलीय. हिला मिरचीचा वास येतोय. आणि निवडलीय काय हो! खडा नाही, फुटका दाणा नाही. असला माल मी दुकानात ठेवणार नाही."

"का?"

"घरी नेईन."

म्हणजे चोर एक नव्हता, अनेक होते, आणि त्यांनी बदल्यात घातलं ते घरातलं उत्तम. मापबाई पायरीवरच बसल्या. कुणी दगड घालतं, कुणी भुसा घालतं. पण चोरलेल्याच्या जागी निवडून पाखडून, आणि वर दहात एक जास्त?

समोरून एक बाई लगबगीनं आली. मावशीची धाकटी जाऊ. तिनं ओच्यातून दोन मोठे पेरू काढून बाईंच्या हातात कोंबले.

"हे काय?"

"मोठ्या जाऊबाईंनी निरोप धाडला. तुमचा पेरू घेतलाय, तो आजच परत द्या म्हणाल्या. पोलीस आले तर राहून जाईल, आणि मग तिथे घशाखाली घास उतरायचा नाही."

"अगं, पण मी एकच दिला होता."

"अय्या, एकाला एक कसं देणार? उसनं परत करताना वर थोडं असतंच की!"

मापबाई हातातल्या दोन पेरूंकडे बघतच राहिल्या. मग त्या उठल्या आणि साठीच्या बाईला न शोभणाऱ्या वेगानं कोठीकडे निघाल्या. कोठीत एक जुनं पत्र्याचं मापटं होतं. त्यांनी ते चवळीनं भरलं आणि पिशवीतली लाकडी पट्टी काढली. माप भरलं की काठावरून पट्टी फिरवायची आणि वरचं सांडून टाकायचं, हा खात्याचा नियम. तसं सपाट केलेलं माप काट्यावर ठेवलं. बरोबर एक किलो. मग त्यांनी ते पुन्हा भरलं, पट्टी न फिरवता, वर शीग मावेल तेवढी रचली.

एक किलो शंभर ग्रॅम.

मागोमाग आलेली जाऊ दारात धापा टाकत होती. बाईंनी तिला एकच प्रश्न विचारला. "नदीला सध्या पाणी किती आहे गं?"

जाऊ दचकली. इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "गुडघ्याएवढं."

५

"नका सांगू बाई," मावशी म्हणाली. मापबाईंनी तिच्या कानाशी सगळं पुटपुटल्यावर तिच्या मांडीवरचा फ्रॉक खाली पडला होता. "तुमच्या पाया पडते. पलीकडे दिलं हे कळलं तर निधी बंद. त्यापेक्षा मी चोर बरी. त्या सात गावांतही कुणाच्या तरी लेकी आहेत ना?"

"मी आयुष्यभर काट्यावर आलं तेच सांगितलंय. एकदाच चुकले, ते अजून सलतंय. तुम्हाला चोर म्हणणाऱ्या कागदावर माझ्यानं सही होणार नाही."

"आणि बंद झालं तर?"

"ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या.  मावशीनं डोळे पुसले, फ्रॉक उचलून झटकला आणि मान फिरवली.

चारला पाच कमी असताना जीप आली. निधीचे साहेब उंच, वाकलेले, प्रवासानं पार शिणलेले गृहस्थ होते. बॅग छातीशी धरून ते कोठीत आले. व्यवस्थापकानं घाम पुसत चोरीचं सांगितलं. साहेबांनी डोळे मिटून घेतले, जणू एवढंच ऐकायचं राहिलं होतं.

"किती गेलं?"

"दोनशे किलो गेलं," मापबाई म्हणाल्या. "आणि दोनशे वीस आलं."

साहेबांनी डोळे उघडले. बाईंनी मापटं पुढे ठेवलं.

"हे बघा. कोठीतून बियाणं देताना सपाट माप द्यायचं असा तुमचा नियम. दोनशे सपाट मापं, दोनशे किलो. बदल्यात आलेली चवळी दोनशेच मापं आहे, पण प्रत्येक माप शिगोशीग. चोर शीग लावत नाही साहेब. शीग लावतो तो उसनं घेणारा माणूस. नेलंय ते परत येईपर्यंत पिंप रिकामं दिसू नये म्हणून घरातलं चांगलं ते ठेव म्हणून घातलं. आणि ते एका घरचं नाही. राख, एरंडेल, वाळू, मिरची, जेवढी घरं तेवढ्या रीती. कोठी मावशीनं उघडली, पण माप गटातल्या सगळ्याच बायकांनी भरलं."

"कुणासाठी?" बियाणेतज्ज्ञानं विचारलं. त्याचा राग अजून उतरला नव्हता.

"ते भिंतीवरच लिहिलंय. या गावात नवं बियाणं आलं आणि पलीकडच्या गावातली भूक कमी झाली. पलीकडे कुणी काही दिलं नाही, असं कागद म्हणतो. पण मध्ये जी नदी आहे ती वर्षातले आठ महिने गुडघ्याएवढी असते. मावशी, लेक कुठे दिलीय ते आता सांगा."

 मावशीनं मान वर केली.

"पलीकडे," ती म्हणाली. "माझी तिकडे, धाकट्या जावेची बहीण तिकडे, त्या टोकाच्या घरची तर दोन्ही लेकी तिकडे. आम्ही इकडे पोटभर जेवायचं आणि तिकडे लेकीनं पोरांना पाणी पाजून निजवायचं? पहिल्या साली मी ऐकलं तुमचं. घास गिळवत नव्हता. मग दुसऱ्या साली नेलं. त्यांचं पीक निघालं, त्यांनी परत आणून दिलं, आम्ही आपली काळ्या डोळ्याची घरी नेली. कुणाला कळलंही नाही. यंदाही तसंच व्हायचं होतं. तुम्हीच पंधरा दिवस आधी आलात."

"सात गावांना हे खोटं बियाणं गेलं असतं तर?" बियाणेतज्ज्ञ म्हणाला.

"जाऊ दिलं नसतं रे बाळा. ही किल्ली का मिरवायला बांधली होती?"

साहेब खुर्ची शोधू लागले. कुणीतरी एक पिंप पुढे सरकवलं, ते त्यावरच बसले. "आम्ही दोन्ही गावांत तीनदा घरोघर फिरलो," ते म्हणाले. "प्रत्येक घरी सत्तर प्रश्न विचारले. हे कुणी बोललं कसं नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" मावशी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "घरात माणसं किती, कोंबड्या किती, छप्पर कशाचं, सगळं विचारलंत. लेक कुठे दिली, असा रकानाच नव्हता तुमच्या कागदात."

६

 व्यवस्थापक नखं खात होता. साहेबांनी बॅग उघडली, शिफारशीचा कागद काढला आणि उलटा करून मांडीवर ठेवला.

"कराराचा भंग झाला आहे," ते म्हणाले. "तो मला लिहावाच लागेल."

मावशीनं डोळे मिटले.

"पण त्याच्या वरच्या ओळीत काय लिहायचं ते माझ्या हातात आहे. एका गावाला दिलेलं बियाणं दुसऱ्या गावात गेलं. आमचा पैसा नाही, आमची गाडी नाही, आमचा माणूस नाही. दोन्ही गावांतली भूक चारावरून एकावर आली. पंचवीस वर्षं मी हे व्हावं म्हणून हिंडतोय आणि ते झालं तेव्हा आम्ही त्याला अपयश म्हणणार होतो." त्यांनी बॅग बंद केली. "मंजुरी माझ्या एकट्याच्या हातात नाही. पण बंद करायच्या शिफारशीवर मी सही करणार नाही."

तेवढ्यात बाहेर बांगड्यांचा आणि बोलण्याचा आवाज आला. धाकट्या जावेला मापबाईंनी दुपारीच नदीकडे पिटाळलं होतं. ती सगळ्यांच्या पुढे होती, मागे पंधरा-वीस तरुण बायका, डोक्यावर गाठोडी, लुगडी गुडघ्यापर्यंत ओली. एकीच्या कडेवर मुलगी होती. ती मावशीला बघून अशी झेपावली की आईला गाठोडं सावरता येईना. मावशीनं तिला घेतलं आणि मग मात्र तिचा बांध फुटला. ती नातीच्या पाठीत तोंड खुपसून रडली आणि नातीनं तिचे केस ओढले.

"आई, चार दिवस झाले काढून," लेक म्हणाली. "निम्मी वाळलीय ती आणली. उरलेली परवा आणतो. तुला काही केलं नाही ना यांनी?"

बियाणेतज्ज्ञानं पुढे होऊन एक गाठोडं सोडलं. आतली चवळी लाल डोळ्याची होती. त्यानं एक दाणा चावून पाहिला, आणखी एक पाहिला, आणि सकाळपासून पहिल्यांदाच हसला. "आमच्यापेक्षा टपोरी आलीय," तो म्हणाला. "गाळाची जमीन ना."

व्यवस्थापकानं खिशातून किल्ली काढली. त्यानं ती दोन्ही हातांनी मावशीपुढे धरली. मावशीनं नातीला न सोडताच ती घेतली आणि एका हातानं कमरेला गाठ मारली.

मापबाईंनी दाखला लिहायला घेतला. तुटवडा, या शब्दापुढे त्यांनी 'नाही' लिहिलं. त्याखाली 'जादा' असा शब्द छापलेला नव्हता, तो त्यांनी हातानं लिहिला आणि पुढे वीस किलो मांडले. मग त्या काट्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

मावशीची लेक पहिली आली. तिनं मापटं भरलं. वर ओंजळ ओतली, त्यावर आणखी एक, आणि शीग ढासळू नये म्हणून तळव्यानं हलकेच दाबली. मग तिची नजर बाईंच्या हातातल्या लाकडी पट्टीवर गेली आणि ती थबकली. सरकारी माणसं ती पट्टी कशासाठी बाळगतात, हे बाजाराला गेलेल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं.

मापबाईंनी पट्टीकडे पाहिलं. एकतीस वर्षांत कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. त्यांनी ती पिशवीत टाकली, पेरूंच्या खाली.

"ओत बाई," त्या म्हणाल्या. "आहे तसंच ओत."